पडले की पाडले? परक्या देशाची प्रतिमा आणि बातमीतले क्रियापद

ओळखीचा_परका (धागाकर्ता)

परदेशांविषयीच्या बातम्यांतील पक्षपातावर आपल्याकडे चर्चा होते, तेव्हा ती बहुधा विशेषणांपाशी सुरू होते आणि तिथेच विरते. 'मुजोर', 'कावेबाज', 'धर्मांध' असले शब्द मथळ्यात दिसले की वाचक आपसूक सावध होतो, कारण विशेषण ढोल बडवत येते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. परक्या देशाची जी प्रतिमा आपल्या मनात वर्षानुवर्षे टिकते, ती विशेषणांपेक्षा क्रियापदांनी घडवलेली असते. वाक्यात तो देश कर्ता म्हणून उभा केला आहे की त्याला वाक्याबाहेर ठेवले आहे, आणि घडलेली गोष्ट गुन्हा म्हणून सांगितली आहे की बिघाड म्हणून, यावर सारे ठरते. मराठीत तर हे काम एका कान्यावर भागते. विमान 'पडले' म्हटले की कोणीच जबाबदार नसते. 'पाडले' म्हटले की लगेच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. मरणे आणि मारणे, जळणे आणि जाळणे यांचेही तसेच आहे.

यासाठी दोन जुन्या घटना शेजारी ठेवून पाहू. १ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान वाट चुकून आधी कामचात्का आणि मग साखालिनवरून गेले. सोव्हिएत हवाई दलाच्या सुखोई-१५ विमानाने क्षेपणास्त्र सोडून ते पाडले आणि त्यातील २६९ जण मृत्युमुखी पडले. ३ जुलै १९८८ रोजी इराण एअरचे ६५५ हे विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले होते. अमेरिकी नौदलाच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने दोन क्षेपणास्त्रे सोडून ते पाडले. त्यात २९० जण गेले आणि त्यांपैकी साठहून अधिक लहान मुले होती.

दोन्ही विमाने प्रवासी होती, दोन्ही एका महासत्तेच्या लष्कराने पाडली आणि दोन्ही वेळी 'आम्हाला ते लष्करी विमान वाटले' हाच खुलासा पुढे आला. तरीही 'न्यूजवीक' साप्ताहिकाचे १९८३ चे मुखपृष्ठ 'हवेतील खून' अशा अर्थाचे होते, आणि १९८८ चे 'हे का घडले' अशा अर्थाचे. पहिल्या मथळ्यात आरोपी ठरला आहे. दुसऱ्या मथळ्यात चौकशी समिती बसली आहे. रॉबर्ट एंटमन या अमेरिकी माध्यम-अभ्यासकाने १९९१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट', 'टाइम', 'न्यूजवीक' आणि सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्या तपासून नेमके हेच दाखवले. पहिल्या घटनेचे वार्तांकन नीतीच्या भाषेत झाले होते आणि दुसऱ्या घटनेचे तंत्राच्या भाषेत. पहिल्या वेळी वाचकाला सोव्हिएत वैमानिकाच्या आणि त्याच्या वरिष्ठांच्या मनात शिरायला लावले गेले, तर दुसऱ्या वेळी रडारच्या पडद्यात.

यात कोणी उघड खोटे लिहिले, असे मला म्हणायचे नाही. 'शोकांतिका' हा शब्द खोटा नाही आणि 'हल्ला' हाही नाही. पण शोकांतिकेला लेखक लागतो, गुन्हेगार लागत नाही. सोव्हिएत संघाची 'निर्दय' ही प्रतिमा १९८३ नंतर आणखी घट्ट झाली. अमेरिकेची मात्र १९८८ नंतर 'निर्दय' अशी प्रतिमा झाली नाही, 'गोंधळलेली' अशी झाली, आणि तीही काही आठवड्यांपुरतीच. इतरांनी यात भर घालावी.

अक्षरशत्रू

आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. एवढ्यासाठी धागा काढायची काही गरज होती का?

जुना_खलाशी

अक्षरशत्रू, गरज होती. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून मालवाहू जहाजांवर ये-जा केलेला माणूस म्हणून एकाच वाक्याकडे लक्ष वेधतो. ते वाक्य १९८८ मध्ये जगभर छापून आले आणि आजही या घटनेच्या वर्णनात ते सापडते: 'विमानाने वारंवार दिलेल्या इशाऱ्यांना प्रतिसाद दिला नाही.'

आता या वाक्याची फोड करा. कर्ता कोण, तर विमान. क्रिया कोणती, तर प्रतिसाद न देणे. युद्धनौका आणि क्षेपणास्त्र वाक्यात कुठेच नाहीत. ज्याचा जीव गेला, त्या वैमानिकालाच कर्त्याच्या जागी बसवून त्याच्या माथी एक चूक मारली गेली आहे.

प्रत्यक्षात 'व्हिन्सेन्स'वरून दिलेल्या दहा इशाऱ्यांपैकी सात लष्करी वारंवारितेवर होते आणि ती वारंवारिता प्रवासी विमानात ऐकू येत नाही. उरलेले तीन नागरी आपत्कालीन वारंवारितेवर होते, पण ते 'अनोळखी इराणी विमान' असे मोघम संबोधून दिलेले होते. रेडिओवर जहाजाचे नाव न घेता कोणी मोघम हाक मारली की आजूबाजूच्या दहा जहाजांपैकी प्रत्येकाला ती दुसऱ्या कोणासाठी असावी असे वाटते, हे समुद्रावर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. वैमानिक तर नेहमीच्या हवाई मार्गाने चालला होता, ठरल्याप्रमाणे उंची गाठत होता आणि विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी इंग्रजीत बोलत होता. त्याने त्या हाकेला का उत्तर द्यावे?

पहिल्या दिवशी अमेरिकी संरक्षण विभागाने सांगितले की विमान हवाई मार्गाबाहेर होते आणि वेगाने खाली येत नौकेच्या रोखाने झेपावत होते. पुढे अमेरिकी नौदलाच्याच चौकशीत नौकेच्या यंत्रणेतील नोंदी पाहिल्या गेल्या, तेव्हा विमान मार्गातच होते आणि वर चढत होते असे दिसले. पण 'झेपावत होते' हे क्रियापद पहिल्या पानावर आले होते आणि 'चढत होते' हे सहा आठवड्यांनी. मधल्या काळात इराणविषयी ज्यांचे जे मत व्हायचे होते ते होऊन गेले होते.

त्या विमानात १० भारतीयही होते, ही गोष्ट आपल्याकडे फार कोणाच्या स्मरणात नाही.

तर्ककर्कश

धागा वाचनीय आहे, परंतु तुलना जितकी सरळ मांडली आहे तितकी ती नाही. शब्द वेगळे होते, कारण परिस्थितीही वेगळी होती.

पहिली गोष्ट, साखालिनवर त्या रात्री युद्ध चालू नव्हते. आखातात मात्र इराण-इराक युद्धाचे आठवे वर्ष होते, तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते, आणि जेमतेम वर्षभरापूर्वी, मे १९८७ मध्ये, इराकी विमानाने सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी 'स्टार्क' या अमेरिकी युद्धनौकेवरील ३७ नौसैनिक ठार केले होते. 'व्हिन्सेन्स' त्या सकाळी इराणी गनबोटींशी चकमकीत गुंतलेली होती. दुसरी गोष्ट, सोव्हिएत वैमानिक आपल्या लक्ष्याच्या शेजारून उडत होता. खिडक्यांच्या दोन रांगा आपल्याला दिसल्या होत्या आणि हे बोइंग आहे हेही कळले होते, असे गेनादी ओसिपोविच याने पुढे मुलाखतींत स्वतःच सांगितले आहे. 'व्हिन्सेन्स'वरील माणसांसमोर मात्र पडद्यावरचा एक ठिपका होता. तिसरी गोष्ट, अमेरिकेने त्याच दिवशी कबुली दिली. सोव्हिएत वृत्तसंस्था 'तास' हिने आधी असे कळवले की घुसखोर विमान जपानच्या समुद्राच्या दिशेने निघून गेले. मृतांविषयी अवाक्षर नव्हते. विमानातील ध्वनिमुद्रक सोव्हिएत नौदलाने समुद्रतळातून काढून दडवून ठेवले, आणि ते बाहेर आले ते थेट रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या काळात. जो देश असा वागतो, त्याच्याविषयी कठोर क्रियापद वापरणे याला पक्षपात म्हणता येणार नाही.

उद्या सगळ्याच घटनांना एकच मापाचा शब्द लावायचा ठरवले, तर वर्तमानपत्राचे शासकीय गॅझेट होईल.

ओळखीचा_परका

तर्ककर्कश, तुमचे तिन्ही मुद्दे वस्तुस्थितीला धरून आहेत आणि तिसरा तर मला पूर्ण मान्य आहे. लपवाछपवीची किंमत मोजावीच लागते. पण पहिल्या दोन मुद्द्यांबाबत काळाचा क्रम तपासून पाहावा, अशी विनंती आहे.

ओसिपोविचच्या मुलाखती आल्या १९९० च्या दशकात. 'खून' हा शब्द आला सप्टेंबर १९८३ मध्येच. म्हणजे शब्द निवडला गेला, तेव्हा वैमानिकाने काय पाहिले हे छापणाऱ्यांना ठाऊक नव्हते. उलट त्या रात्री अमेरिकेचे आरसी-१३५ हे टेहळणी विमान त्याच भागात फिरून गेले होते, ही बाब खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी ५ सप्टेंबरच्या भाषणात सांगितली, आणि गल्लत होणे शक्यच नव्हते असे त्याच दमात ठासून सांगितले. त्याच भाषणात या घटनेला त्यांनी 'कत्तल' आणि 'मानवतेविरुद्धचा गुन्हा' म्हटले. १९८८ मध्ये त्यांच्याच निवेदनात 'भयंकर मानवी शोकांतिका' हे शब्द होते आणि नौकेची कृती ही योग्य बचावात्मक कृती दिसते, असे म्हटलेले होते. दोन्ही निवेदने घटनेनंतर लगेचची, तपास होण्याआधीची आहेत.

म्हणून माझा आक्षेप कठोर शब्दाला नाही. पुरावा यायच्या आधीच शब्द तयार असतो, त्याला आहे. सोव्हिएत संघाविषयी 'पोलादी पडदा' ही शब्दयोजना १९४६ पासून रुळलेली होती आणि नवी घटना त्या साच्यात अलगद बसली. इराणी प्रवाशांसाठी असा साचा तयार नव्हता. तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतील १९७९ च्या ओलीस प्रकरणापासून अमेरिकी बातम्यांत इराणी माणूस मुठी आवळून घोषणा देणारा एवढाच दिसत होता. दुबईला नातेवाइकांकडे निघालेला इराणी प्रवासी त्या चित्रात मावत नव्हता, म्हणून तो संख्येतच राहिला.

रात्रपाळी

वर्तमानपत्राच्या परदेश डेस्कवर बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून हे शब्द मराठीत कसे येतात ते सांगतो. वाचकांना वाटते की कोणीतरी बसून ठरवत असेल, 'आज अमुक देशाला झोडपायचे.' तसे काही नसते. रात्री अकरानंतर पान सोडायची घाई असते. रॉयटर्स, एपी किंवा एएफपी या परदेशी वृत्तसंस्थांची इंग्रजी बातमी पीटीआयमार्फत समोर येते आणि उपसंपादकाला अर्ध्या तासात तिचे दोनशे शब्द करायचे असतात. इंग्रजी बातमीतच इराणच्या किंवा सीरियाच्या सरकारला 'रेजीम' म्हटलेले असते, उपसंपादकाचे हात आपोआप 'राजवट' टंकतात. फ्रान्सच्या किंवा जपानच्या सरकारला त्याच बातमीत 'गव्हर्नमेंट' असते, तिथे 'सरकार' येते. राजवट उलथते, कोसळते, दडपशाही करते. सरकार निर्णय घेते, विधेयक आणते. संज्ञा बदलली की तिच्यामागून क्रियापदेही बदलत जातात, आणि हे सारे लंडन किंवा न्यूयॉर्कच्या डेस्कवर झालेले असते. मराठी वाचकाचे तेहरानविषयीचे मत अशा रीतीने दोनदा गाळून आलेले असते.

'म्हटले', 'सांगितले' आणि 'दावा केला' यांचाही हाच प्रकार. मित्रदेशाचा प्रवक्ता 'सांगतो' आणि शत्रुदेशाचा प्रवक्ता 'दावा करतो'. नवा उपसंपादक हे कोणी न शिकवता आठवडाभरात शिकतो. १९८८ च्या 'झेपावणाऱ्या' विमानाला 'अमेरिकेचा दावा' एवढे दोन शब्द चिकटले असते, तर खलाशीबुवांची बरीचशी तक्रार उरली नसती.

जिथे आपण स्वतः लिहितो, तिथे जागेचा जाच असतो. एका कॉलमच्या मथळ्यात 'पाकिस्तान' मावत नाही म्हणून 'पाक' आले, आणि आता चार कॉलमची जागा असली तरी 'पाक'च येते. चीनच्या बातमीत 'ड्रॅगन' आला की त्याच्यामागून 'फुत्कार' येतोच. आपली असते ती 'कारवाई', त्यांची असते ती 'कुरापत'. हे मात्र आपले घरचे उत्पादन आहे, त्याचे खापर रॉयटर्सवर फोडता येणार नाही.

आणि आपल्याला हे कसे लागते, तेही आठवावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर काही परदेशी माध्यमांनी हल्लेखोरांना 'बंदूकधारी' किंवा 'लढवय्ये' अशा अर्थाचे शब्द वापरले, तेव्हा मुंबईत संताप उसळला होता. 'दहशतवादी' हा शब्द बातमीदाराने स्वतःच्या तोंडी घालू नये, असे त्या माध्यमांचे जुने धोरण होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वाचक-प्रतिनिधीला डिसेंबर २००८ मध्ये याच विषयावर स्तंभ लिहावा लागला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ज्यांची माणसे गेली, त्यांना ते धोरण समजावून सांगण्याची माझी तरी हिंमत झाली नसती.

फारसी_शिकणारी

रात्रपाळी यांच्या 'राजवट' या मुद्द्याला एक जोड देते. तेहरानची सरकारी माध्यमे इस्रायलचे नाव सहसा घेत नाहीत, ती 'झायोनी राजवट' म्हणतात, आणि त्यातला 'रेजीम' हा शब्द पाश्चात्त्य पत्रकार इराणला लावतात तोच, फ्रेंचमधून फारसीत गेलेला आहे. अमेरिकेसाठी 'जागतिक उद्धटपणा' अशा अर्थाची शब्दयोजना १९७९ नंतर रूढ झाली. म्हणजे ज्याची प्रतिमा शब्दांनी घडवली गेली, तोही शब्दांच्या त्याच टाकसाळीत काम करतो आहे. इराणी वाचकाला अमेरिका जशी दिसते तिच्यात ओहायोतला शिक्षक किंवा परिचारिका असत नाही.

या धाग्यात २०२० चा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटते.

ओळखीचा_परका

त्याकडेच येत होतो, कारण अक्षरशत्रू यांची म्हण तिथे अपुरी पडते.

८ जानेवारी २०२० रोजी युक्रेनचे पीएस ७५२ हे प्रवासी विमान तेहरानच्या विमानतळावरून उडाल्यानंतर काही मिनिटांत इराणच्या क्रांतिरक्षक दलाने दोन क्षेपणास्त्रे सोडून पाडले. १७६ जण गेले, आणि त्यांत इराणी व इराणी वंशाचे कॅनेडियन मोठ्या संख्येने होते. तीन दिवस इराण सांगत राहिला की तांत्रिक बिघाडाने विमान पडले. ११ जानेवारीला कबुली आली, तेव्हा परराष्ट्रमंत्री झरीफ यांच्या निवेदनाचा आशय असा होता: अमेरिकेच्या दुःसाहसातून उद्भवलेल्या संकटाच्या वेळी मानवी चुकीमुळे हा अनर्थ ओढवला. वाक्याची बांधणी पाहा. चूक मानवी आहे, पण ती कोणत्या मानवाची हे नाही. क्रांतिरक्षक दल वाक्यात नाही. देश एकच आहे, तोही दुसराच. १९८८ चे अमेरिकी निवेदन आणि हे निवेदन एकाच शिंप्याने बेतल्यासारखी आहेत.

पण अधिक लक्षणीय गोष्ट पलीकडच्या बाजूला घडली. त्या आठवड्यात इराणी सेनापती सुलेमानी यांच्या अमेरिकेने केलेल्या हत्येमुळे अमेरिका आणि इराण युद्धाच्या तोंडाशी आले होते आणि दोघांनाही माघार हवी होती. ट्रम्प म्हणाले की पलीकडच्या बाजूने कोणाची तरी चूक झाली असावी. कॅनडाचे पंतप्रधान त्रुदो यांनीही हे हेतुपुरस्सर नसावे असे म्हटले. पाश्चात्त्य मथळ्यांत 'अनवधानाने पाडले' ही शब्दयोजना आली. म्हणजे कार्टे दुसऱ्याचे असूनही त्याला बाब्याचे क्रियापद मिळाले. १९८३ मध्ये रेगन प्रशासनाला सोव्हिएत संघाविरुद्ध जनमत हवे होते, २०२० मध्ये कोणालाच भडका नको होता. वैर किती आहे यापेक्षा त्या आठवड्यात राजधान्यांना काय सोयीचे आहे, हे पाहूनच क्रियापद ठरते आणि वर्तमानपत्रे बहुतेक वेळा ते तसेच उचलतात, असे मला या तिन्ही घटनांवरून वाटते.

तर्ककर्कश

हे मांडणे मला अधिक पटते, कारण यात दुष्टावा गृहीत धरावा लागत नाही. आणखी एक अलीकडचे उदाहरण याच माळेत ओवतो. २५ डिसेंबर २०२४ रोजी अझरबैजान एअरलाइन्सचे ग्रोझ्नीला निघालेले विमान कझाकस्तानात आक्ताऊजवळ कोसळले आणि ३८ जण गेले. तीन दिवसांनी पुतिन यांनी अझरबैजानचे अध्यक्ष अलीयेव यांची क्षमा मागितली, ती कशाबद्दल, तर रशियाच्या हवाई हद्दीत ही 'दुःखद घटना' घडली याबद्दल. घटना घडली, हद्द रशियाची होती, क्षमाही मागितली, आणि तरीही 'कोणी' हे त्या क्षमायाचनेत आले नाही. अलीयेव यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी स्पष्ट सांगितले की जमिनीवरून झालेल्या माऱ्याने विमानाची हानी झाली आणि तो मारा रशियातून झाला. मी स्वतः संपादक असतो, तर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी छापली असती आणि मथळा अलीयेव यांच्या वाक्यावर दिला असता.

माझा मूळ आग्रह मात्र मी सोडत नाही. ज्या देशाने माहिती दडवली, त्याच्या बाबतीत 'दावा' हाच शब्द योग्य आहे.

जुना_खलाशी

त्याला माझी हरकत नाही. फक्त हा नियम पहिल्या दिवशी सर्वांना लावावा, एवढेच.

रात्रपाळी

पैशाच्या शब्दाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून ते लिहितो. इराणने १७ मे १९८९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेविरुद्ध अर्ज केला आणि १९९६ मध्ये तडजोड झाली. मृतांच्या वारसांसाठी अमेरिकेने ६ कोटी १८ लाख डॉलर मान्य केले, पण कायदेशीर जबाबदारी मान्य न करता. आपल्या सरकारी मराठीत अशा रकमेला नेमका शब्द आहे, 'सानुग्रह' रक्कम, म्हणजे हक्काची नव्हे तर कृपेने दिलेली. बातम्यांत मात्र सरसकट 'नुकसानभरपाई' लिहिले जाते. मराठी वाचकाला त्यामुळे अमेरिकेने दोष पत्करला असे वाटते, आणि तो तिने कधीच पत्करलेला नाही. म्हणजे चुकीचा शब्द इथे अमेरिकेची प्रतिमा उजळ करून जातो.

पीएस ७५२ च्या बाबतीत इराणने प्रत्येक मृताच्या कुटुंबासाठी दीड लाख डॉलरची तरतूद जाहीर केली होती. कॅनडा, स्वीडन, युक्रेन आणि ब्रिटन यांनी जुलै २०२३ मध्ये इराणविरुद्ध त्याच न्यायालयात दावा दाखल केला आहे. त्याचा निकाल किंवा तडजोड येईल त्या रात्री डेस्कवर जो कोणी असेल, त्याने रकमेच्या आधीचा शब्द मूळ कागदात पाहून घ्यावा.